पटकथेवर नाव कोणाचं?

चिमूरच्या १६ ऑगस्ट १९४२ वर उद्या कुणी चित्रपट काढायचा ठरवलं, तर गोष्ट शोधायला त्याला लांब जावं लागणार नाही. त्या दिवशी नागपंचमी होती. मोर्चा निघाला, गोळीबार झाला, कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर त्यात गेला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले आणि पुढे काही काळ या गावावर इंग्रजांचा अंमल उरला नाही. मग लष्कर आलं. गावातल्या बायांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. आता समजा, एका निर्मात्याने या विषयावर पटकथा लिहून घेतली. पहिल्या लेखकाने वर्षभर खपून घटनाक्रम लावला आणि पहिला खर्डा दिला. निर्मात्याला तो सरधोपट वाटला, म्हणून त्याने एका लेखिकेला बोलावलं. तिने चित्रपट भन्साळींच्या उपोषणापासून सुरू केला, मागे जात जात नागपंचमीपर्यंत नेला आणि इतिहासात नसलेली एक विधवा बाई कथेच्या मधोमध आणून उभी केली. चित्रीकरणाला दोन महिने उरले असताना लक्षात आलं की सगळी पात्रं पुण्याची मराठी बोलताहेत. मग सिंदेवाहीकडच्या एका तरुणाला गाठून संवाद तिकडच्या झाडीबोलीत लिहून घेतले. दिग्दर्शकाने सेटवर चार प्रसंग बदलले ते वेगळेच. हा चित्रपट काल्पनिक आहे, पण भारतात बनणाऱ्या बहुतेक चित्रपटांची जन्मकथा थोड्याफार फरकाने अशीच असते. पडदा उजळतो तेव्हा 'लेखन' या शब्दापुढे कोणाचं नाव येतं आणि ते कोण ठरवतं, हा प्रश्न म्हणून चित्रपटसृष्टीच्या आतल्या भांडणापुरता राहत नाही. ज्या भागातून गोष्टी आणि बोली उचलल्या जातात, त्या भागातल्या लिहित्या माणसांचाही तो प्रश्न आहे.

लेखनाचं श्रेय चित्रपट प्रदर्शित होण्याआधी ठरलं पाहिजे. ते निर्मात्याने किंवा दिग्दर्शकाने ठरवता कामा नये. सगळे खर्डे समोर ठेवून, ते वाचणाऱ्या दुसऱ्या लेखकांनी ते ठरवावं, असं माझं म्हणणं आहे. हे स्वप्नरंजन नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रपट उद्योगात गेली ऐंशी वर्षं बऱ्याच अंशी असंच चालतं. आपल्याकडे कायदा आहे, लेखकांची संघटना आहे, श्रेयाची एक चांगली परंपराही आहे. नाही ती फक्त वेळेवर आणि कागद पाहून निवाडा करण्याची रीत.

आधी आपल्या परंपरेकडे पाहू, कारण तिच्यात एक गोष्ट इतरांपेक्षा उजवी आहे. आपल्या श्रेयनामावलीत 'कथा', 'पटकथा' आणि 'संवाद' अशी तीन नावं वेगवेगळी येऊ शकतात. काय घडतं ते कथा. ते कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रसंगांतून, कोणाच्या नजरेतून दिसतं ती पटकथा. माणसं काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात ते संवाद. 'सिंहासन' (१९७९) हे याचं चांगलं उदाहरण आहे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या. त्यातलं मंत्रालयाचं जग साधूंचं आहे, पण दोन पुस्तकांतून एक चित्रपट होताना काय ठेवायचं, काय गाळायचं आणि पत्रकार दिगूच्या डोळ्यांनी काय पाहायचं, ही कामगिरी तेंडुलकरांची. दोघांची नावं वेगवेगळ्या कामांसाठी येतात आणि कोणीही कोणाचं खात नाही. 'मुघल-ए-आझम'च्या (१९६०) संवादांना अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी अशी चार नावं आहेत. राष्ट्रीय पुरस्कारांतही २००९ च्या चित्रपटांपासून मूळ पटकथा, आधारित पटकथा आणि संवाद असे तीन वेगळे पुरस्कार आले. २०११ च्या चित्रपटांसाठी त्यातले दोन मराठीत आले. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरच्या 'शाळा'च्या पटकथेसाठी अविनाश देशपांडे यांना एक मिळाला आणि 'देऊळ'च्या संवादांसाठी गिरीश कुलकर्णी यांना दुसरा.

पण कप्पे चांगले असले म्हणून त्यांत योग्य माणूस बसतोच असं नाही. सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी सुरुवातीला सिप्पी फिल्म्ससाठी काम केलं, तेव्हा श्रेय कंपनीच्या 'कथा विभागा'ला जायचं. पडद्यावर विभागाचं नाव, माणसांची नावं नाहीत. 'जंजीर' (१९७३) आला तेव्हा पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती, म्हणून या दोघांनी पैसे देऊन एक रंगारी धरला आणि मुंबईत लागलेल्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली. ही गोष्ट चित्रपटसृष्टीत कौतुकाने सांगतात. मला ती फारशी गमतीची वाटत नाही. ज्या कामाचं श्रेय आपसूक मिळायला हवं, ते मिळवण्यासाठी लेखकांना ब्रश घेतलेला माणूस रस्त्यावर पाठवावा लागला. ज्यांच्याकडे तेवढे पैसे किंवा तेवढी हिंमत नव्हती अशांची नावं कुठे गेली, याची नोंद कुणी ठेवली नाही.

कायदा याबाबतीत काय म्हणतो ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दोन वेगळ्या गोष्टींची सतत गल्लत होते. लिखाणाचा मालक कोण हा एक प्रश्न आणि लिखाणाचा कर्ता कोण हा दुसरा. निर्माता पैसे देऊन पटकथेचे हक्क विकत घेऊ शकतो, तो मालक होतो. पण कर्ता होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की हक्क विकून टाकल्यावरही 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो आणि आपल्या लिखाणाची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर त्याविरुद्ध दाद मागता येते. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या आपल्या कादंबरीवर बनलेल्या 'समय की धारा' या चित्रपटाविरुद्ध याच कलमाच्या आधारे लढा दिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये लेखकाच्या या हक्काचा अर्थ व्यापक करून ठेवला. कल्पनेवर मात्र कोणाचा हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट बेतला, असा आनंद यांचा दावा होता. न्यायालय म्हणालं की विषय, कल्पना, ऐतिहासिक घटना सगळ्यांच्या असतात. राखण असते ती मांडणीला. म्हणजे चिमूरची क्रांती कोणाच्या मालकीची नाही. आमच्या काल्पनिक चित्रपटातल्या पहिल्या लेखकाला 'विषय मी सुचवला' एवढ्यावर काही मागता येणार नाही. घटनांची त्याने जी मांडणी केली, तिच्यावर मात्र त्याचा हक्क आहे.

दोघांनी मिळून लिहिलं असेल तर? कायद्यात संयुक्त लेखनाची व्याख्या आहे. एकाचं योगदान दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही असं सहकार्याने झालेलं लेखन ते संयुक्त. या व्याख्येची खरी कसोटी लागली ती चित्रपटावर नव्हे, एका आत्मचरित्रावर. मौलाना आझाद संध्याकाळी तासभर हुमायून कबीर यांच्याशी उर्दूत बोलत, कबीर टिपणं घेत आणि त्यांवरून इंग्रजी प्रकरण लिहून काढत. ते मौलाना वाचत आणि दुरुस्त्या सांगत. असं 'इंडिया विन्स फ्रीडम' तयार झालं. त्यातली मोहोरबंद ठेवलेली पानं छापण्यावरून मौलानांच्या कुटुंबातल्या नजमा हेपतुल्ला न्यायालयात गेल्या. आयुष्य मौलानांचं, मतं त्यांची, निवेदनही त्यांचं. कबीर नुसते लेखनिक नव्हते का? दिल्ली उच्च न्यायालयाने तसं मानलं नाही. विचार एकाचे आणि शब्दरचना दुसऱ्याची असली, पण दोघांनी निकट बौद्धिक सहकार्याने पुस्तक घडवलं असेल तर दोघेही लेखक, असा निर्णय झाला. चित्रपटलेखनाच्या वादात हा निकाल पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्याच्याकडे पुढे परत यावं लागेल.

असा हा कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर चित्रपटातल्या लेखनाच्या रॉयल्टीचा हक्क निर्मात्याच्या नावे कायमचा लिहून देण्यावरही बंधन आणलं. पण कायद्याची एक मर्यादा आहे. तो हक्क सांगतो, वाटणी करून देत नाही. वाटणीसाठी न्यायालयात जावं लागतं. जाईपर्यंत चित्रपट लागलेला असतो, उतरलेला असतो, आणि वकिलाची फी लेखकाच्या मानधनापेक्षा मोठी झालेली असते. शिवाय बहुतेक लेखकांच्या हातात जो करार पडतो, त्यात श्रेयाचा अंतिम निर्णय निर्मात्याचा राहील असं एक वाक्य शांतपणे बसलेलं असतं.

अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी नेमकं हे वाक्य करारातून काढून घेतलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लेखक संघटनेने स्टुडिओंशी करार केला आणि श्रेय ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. तेव्हापासूनची रीत अशी. चित्रीकरण संपलं की कंपनीने, ज्या ज्या लेखकाने त्या चित्रपटावर काम केलं असेल त्या प्रत्येकाला, प्रस्तावित श्रेयाची नोटीस आणि अंतिम पटकथा पाठवायची. सहा महिन्यांपूर्वी काढून टाकलेल्या लेखकालाही. कोणी हरकत घेतली की लवाद बसतो. दिग्दर्शक किंवा निर्मात्यांपैकी कोणी इतर लेखकांच्या जोडीने लेखनाचं श्रेय मागत असेल तर हरकतीची वाटही न पाहता तो बसतो. तीन लवाद असतात, तिघेही पटकथालेखक. त्यांची नावं वाद घालणाऱ्यांना कळत नाहीत, आणि लवादांनाही लेखकांची नावं कळत नाहीत. समोर येतात ते 'लेखक अ', 'लेखक ब' असे शिक्के मारलेले सगळे खर्डे, तारखेच्या क्रमाने. ते वाचून, अंतिम पटकथेत कोणाचं काय उरलं हे ठरवायचं. रचना, नवे आणि वेगळे प्रसंग, पात्रचित्रण आणि संवाद ही मोजायची अंगं. मूळ पटकथा असेल तर नंतर आलेल्या लेखकाला श्रेयासाठी निम्मं योगदान दाखवावं लागतं. कादंबरीवगैरेवर आधारित असेल तर एक तृतीयांश पुरतं. दिग्दर्शक-निर्मात्याने लेखक म्हणून नाव मागितलं तर त्याच्यासाठी निकष इतरांपेक्षा कडक, कारण नोकरीवर ठेवणाऱ्याला स्वतःचं नाव घुसवणं सोपं असतं. एकत्र बसून लिहिणाऱ्या जोडीची नावं '&' या चिन्हाने जोडतात आणि त्यांना एकच लेखक धरतात; एकामागून एक आलेल्या लेखकांमध्ये 'अँड' हा शब्द घालतात. म्हणजे पडद्यावरच्या एवढ्याशा खुणेवरून जाणकाराला कळतं की हे दोघे शेजारी बसले होते की एकाने दुसऱ्याचं खोडून लिहिलं.

आता आमचा चिमूरचा चित्रपट या लवादापुढे ठेवून पाहू. तिघांची नावं झाकली. 'लेखक अ'च्या खर्ड्यात नागपंचमीची सकाळ, मोर्चा, गोळीबार, जाळपोळ, लष्कराचं येणं, उपोषण असा सरळ क्रम आहे. अंतिम पटकथेत हे प्रसंग जवळजवळ सगळे आहेत, पण क्रम उलटा आहे. मोर्चा हा इतिहास आहे, त्याचं श्रेय कोणालाच नाही. पण मोर्चात बालाजीच्या हातातला झेंडा त्याच्या आईने घरच्या लुगड्याच्या काठाला शिवलेला आहे, हे समजा 'अ'ने रचलं आणि शेवटच्या खर्ड्यापर्यंत टिकलं, तर ते त्याच्या खात्यात जमा. लवादाला अशाच गोष्टी शोधायच्या असतात. 'लेखक ब'ने विधवेचं पात्र आणलं, चौकशीसाठी जबानी देण्याची तिची भीती हा कणा केला, कथेची दिशा फिरवली. रचना आणि मुख्य पात्र दोन्ही तिचं असेल तर निम्म्याची मर्यादा ती ओलांडते. निकाल बहुधा असा येईल: कथेच्या श्रेयात 'अ'चा वाटा अबाधित, कारण मूळ पटकथेच्या पहिल्या लेखकाला कथेचं किमान सामायिक श्रेय तिथले नियम काही केल्या जाऊ देत नाहीत, पटकथा दोघांची. दिग्दर्शकाच्या चार प्रसंगांना काही नाही. आणि 'लेखक क', आपला सिंदेवाहीचा तरुण? अमेरिकेत त्याचं नाव येणारच नाही. तिथे संवादाचं स्वतंत्र श्रेय नसतं, आणि नुसत्या संवादाच्या बळावर पटकथेचा निम्मा वाटा सिद्ध करणं जवळपास अशक्य.

इथे आपली परंपरा त्यांच्यापेक्षा शहाणी ठरते. आपल्याकडे 'क'साठी कप्पा तयार आहे. त्यामुळे अमेरिकेचे नियम जसेच्या तसे उचलावेत असं मी म्हणणार नाही. उचलायची ती प्रक्रिया: सगळ्यांना नोटीस, नावं झाकून वाचन, निर्णय प्रदर्शनाआधी. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे, म्हणजे पूर्वीच्या फिल्म रायटर्स असोसिएशनकडे, याचा अर्धा सांगाडा आहेच. ही ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदलेली लेखकांची संघटना. ती सभासदांच्या पटकथांची नोंदणी करते आणि तिची वाद निवारण समितीही आहे. ज्योती कपूर या लेखिकेने आपल्या पटकथेवरून कुणाल कोहलींनी 'फिर से' बेतल्याची तक्रार केली तेव्हा या समितीने दोन्ही लिखाणं ताडून पाहून साम्य आढळल्याचं सांगितलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी तिला पैसे आणि श्रेय दोन्ही मिळालं. तिच्याजवळ तारखेनिशी नोंदवलेला खर्डा होता म्हणून हे झालं. पण समितीचं काम तक्रार आल्यावर सुरू होतं. तक्रार करायला आपलं नाव गळालंय हे आधी कळावं लागतं, आणि नव्या लेखकाला ते बहुधा चित्रपटगृहाच्या खुर्चीत बसल्यावर कळतं.

यावर पहिला आक्षेप निर्मात्यांचा. पैसा आमचा, जोखीम आमची, मग नावं ठरवणारे बाहेरचे कोण? याचं उत्तर वर येऊन गेलं आहे: पैशाने मालकी येते, कर्तेपण येत नाही. घर बांधून घेणाऱ्याने दारावर स्वतःची पाटी लावावी, पण नकाशा आपणच काढला असं म्हणू नये. आणि निर्मात्याच्या मर्जीवर श्रेय सोडलं तर काय होतं हे इतिहासाने भयंकर स्पष्टपणे दाखवलं आहे. अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लेखकांना काळ्या यादीत टाकलं तेव्हा डाल्टन ट्रंबो यांनी लिहिलेल्या 'रोमन हॉलिडे'च्या (१९५३) कथेवर इयन मॅक्लेलन हंटर या त्यांच्या मित्राचं नाव लागलं आणि ऑस्करही त्याच नावाला मिळालं. ट्रंबोंचं नाव संघटनेने त्या चित्रपटाला परत जोडलं ते २०११ साली. ते वारले त्याला तोवर पस्तीस वर्षं झाली होती.

याच उदाहरणातून माझ्या म्हणण्याविरुद्धही एक मुद्दा निघतो आणि तो झाकून ठेवणं बरोबर नाही. श्रेय ठरवण्याचा अधिकार तेव्हाही लेखक संघटनेकडेच होता, आणि १९५२ मध्ये त्याच संघटनेने काळ्या यादीतल्या लेखकांची नावं गाळण्याची मुभा स्टुडिओंना दिली. समव्यवसायी माणसंही घाबरतात, गट करतात, मुंबईतले मुंबईतल्यांना सांभाळून घेतात. चिमूरहून गेलेल्या मुलाला त्या समितीत ओळखतो कोण? म्हणूनच नावं झाकण्याला मी एवढं महत्त्व देते. लवाद भला असेल यावर भिस्त ठेवायची नाही. त्याच्यासमोर माणूस येऊच नये, कागद यावा. आणि निकाल लेखी, कारणांसह असावा, म्हणजे पुढे कधीतरी तो चुकीचा होता हे दाखवता येईल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कलेतलं योगदान टक्क्यांत कसं मोजणार? दोन माणसं बोलता बोलता एक प्रसंग सुचतो, तो कोणाचा? मान्य, अचूक मोजता येत नाही. पण अचूक मोजता येत नाही म्हणजे काहीच सांगता येत नाही असं नव्हे. 'सिटिझन केन'च्या (१९४१) पटकथेवर हर्मन मँकिविच आणि ऑर्सन वेल्स यांची नावं आहेत. पॉलीन केल यांनी १९७१ मध्ये एका गाजलेल्या दीर्घ लेखात ठामपणे मांडलं की ती पटकथा खरी मँकिविचचीच. पुढे रॉबर्ट कॅरिंजर या अभ्यासकाने उपलब्ध खर्डे एकामागून एक तपासले, कोणत्या टप्प्यावर काय बदललं ते पाहिलं आणि वेल्स यांचा वाटा मोठा आणि निर्णायक असल्याचं दाखवून दिलं. आठवणी आणि मुलाखतींवर जो वाद वर्षानुवर्षं चालला असता, तो खर्ड्यांनी बऱ्यापैकी मिटवला. गप्पांमधून सुचलेल्या प्रसंगाबाबत सोपा नियम ठेवता येतो: ज्याने कागदावर आणला, त्याचा. हा नियम कधीकधी अन्याय करील. पण 'मी सेटवर सांगितलं होतं' या दाव्याला मोकळं रान देणं हा त्याहून मोठा अन्याय, कारण सेटवर ज्याचा आवाज मोठा त्याचंच सांगणं सगळ्यांना आठवतं.

टक्क्यांच्या पद्धतीचा एक दोष मात्र खरा आहे. निम्म्याची मर्यादा गाठायची म्हणून नंतरचा लेखक चांगले प्रसंगही विनाकारण बदलतो. पात्रांची नावं, ठिकाणं, क्रम फिरवतो. लवाद अनुभवी असतील तर निव्वळ नावबदल ते ओळखतात, पण मोह राहतोच. उलट बाजूने, नावं कमी ठेवण्याच्या आग्रहात काम केलेली माणसं गायब होतात. 'द फ्लिंटस्टोन्स' (१९९४) या चित्रपटावर तीसहून अधिक लेखकांनी काम केल्याचं सांगतात आणि पडद्यावर नावं तीन. यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या लेखकांनी २०२१ मध्ये मतदान करून अखेरच्या श्रेयनामावलीत 'अतिरिक्त लेखन साहित्य' अशी नवी ओळ आणली. ज्याचं मुख्य श्रेय हुकलं, पण ज्याने खरोखर लिहिलं, त्याची निदान नोंद राहावी. नावांची गर्दी झाली की मुख्य नावाची किंमत उतरते असा ओरडा तिथेही झाला. मला तो पटत नाही. चित्रपटाच्या शेवटी जेवण पुरवणाऱ्यांपासून गाड्या चालवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं येतात आणि ती यायलाच हवीत. त्यात पाच प्रसंग लिहिणाऱ्याच्या एका ओळीने दिग्गजांचा मान कमी होईल, हे म्हणणं टिकत नाही.

शेवटचा आक्षेप आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागाला थेट लागू पडणारा. बोली बदलून देणं म्हणजे लेखन नव्हे, ती भाषेची दुरुस्ती. त्याला मानधन द्या, आभाराच्या यादीत घाला, 'संवाद' कशाला? इथे मौलाना आझाद आणि हुमायून कबीर यांचा निकाल परत काढायचा. एकाने सांगितलं, दुसऱ्याने दुसऱ्या भाषेत रचलं, आणि न्यायालयाने रचणाऱ्याला लेखक म्हटलं. अर्थात 'क'ने खरोखर रचलं पाहिजे. डोळ्याचा डोरा आणि काळ्याचा कारा केला की झाडीबोली होत नाही. ती पुण्याची वाक्यं झाडीचा सदरा घालून फिरतात, आणि तेवढ्यासाठी संवादाचं श्रेय मागू नये. पण मूळ खर्ड्यात ती विधवा चौकशीसाठी आलेल्यांपुढे चार ओळींचं धारदार भाषण करते, आणि 'क'ला ठाऊक आहे की या भागातली बाई परक्या माणसापुढे अशी बोलणार नाही; ती आधी पाणी विचारील, धानाच्या रोवण्याचं काहीतरी बोलील आणि खरी गोष्ट अर्ध्या वाक्यात सांगून थांबेल. त्याने प्रसंग तसा लिहिला तर पात्र बदललं, प्रसंगाचा ताण बदलला. ही दुरुस्ती नाही, लेखन आहे. दोहोंतला फरक कागदावर दोन खर्डे शेजारी ठेवले की दिसतो. ठेवले नाहीत तर कधीच दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाही. वडसा म्हणजे देसाईगंज हे जिचं केंद्र आहे, त्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात आणि त्यांना दरवर्षी नवी संहिता लागते. या रंगभूमीच्या विषयावर 'झॉलीवूड' (२०२२) हा चित्रपट झाला. रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या लेखकांना चित्रपटवाले आता शोधत येतील. ते येतील तेव्हा आपल्या माणसाच्या हातात निदान तीन गोष्टी असाव्यात: तारीख घालून स्वतःला आणि निर्मात्याला ईमेलने पाठवलेला प्रत्येक खर्डा, पटकथालेखक संघटनेचं सभासदत्व, आणि श्रेय कोणत्या शब्दांत व कुठे येईल हे लिहिलेला करार. 'कुठे' हेही महत्त्वाचं आहे. 'थ्री इडियट्स' (२००९) लागला तेव्हा चेतन भगत यांच्या कादंबरीचा उल्लेख चित्रपटाच्या शेवटी सरकत जाणाऱ्या नावांत आला आणि मोठा वाद झाला. पण करारात श्रेयाची जागा तीच लिहिलेली होती.

लेखकाने स्वतःपुरती काळजी घ्यावी एवढ्यावर हे सोडता येणार नाही, कारण गरजू लेखक सही करतोच. दबाव दुसरीकडून यायला हवा आणि मराठीत तो आणण्याची जागा आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतं, आणि हे काम पाहायला महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ आहे. अनुदानाच्या अर्जासोबत, त्या चित्रपटावर ज्यांनी ज्यांनी मानधन घेऊन लिहिलं त्या सगळ्यांची यादी आणि प्रस्तावित श्रेय आपल्याला कळलं असल्याच्या त्यांच्या सह्या जोडणं सक्तीचं करावं. हरकत असेल तर पंधरा दिवसांत नोंदवावी. मग तीन लेखकांच्या समितीने नावं झाकलेले खर्डे वाचून निर्णय द्यावा, त्यातला एक तरी मुंबई-पुण्याबाहेरचा असावा. निर्माते म्हणतील की आधीच कागदपत्रं कमी आहेत का. मानधनाच्या पावत्या हिशेबासाठी ते ठेवतातच. ही यादी त्याच पावत्यांवरून तासाभरात निघते. आणि सरकारी पैसा घेणाऱ्या चित्रपटाने आपण कोणाकोणाकडून लिहून घेतलं हे सांगावं, ही मागणी जास्त नाही.